टुरेट सिंड्रोम आणि शाळा: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

‘वर्गात सारखा मान झटकतो, विचित्र आवाज काढतो, सांगूनही ऐकत नाही’ असा शेरा दैनंदिनीत लाल शाईने येतो. मग घरी आधी रागावणं होतं, नंतर डोळ्यांचे डॉक्टर, नंतर कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि मधल्या काळात कुणीतरी दृष्टही काढून टाकतं. टुरेट हे नाव कानावर पडेपर्यंत कित्येकदा एखादं शैक्षणिक वर्ष निघून गेलेलं असतं. शाळा समुपदेशक म्हणून मला पालकसभेनंतर, स्टाफरूममध्ये आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. निदान आणि औषधं हा डॉक्टरांचा प्रांत. इथे भर आहे तो शाळेने काय करावं यावर.

टुरेट म्हणजे नक्की काय?

हा मज्जासंस्थेशी संबंधित विकार आहे. मुलाच्या इच्छेविना अचानक आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना ‘टिक’ म्हणतात. डोळे मिचकावणं, नाक ओढणं, खांदा उडवणं, मान झटकणं या हालचालींच्या टिक. घसा खाकरणं, हुंकार, चित्कार, एखादा शब्द मध्येच तोंडून जाणं या आवाजाच्या. हालचालींच्या एकाहून अधिक आणि आवाजाची किमान एक टिक, वर्षभराहून जास्त काळ आणि सुरुवात अठराव्या वर्षाआधी, असं चित्र असेल तर डॉक्टर टुरेटचं निदान करतात. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही. एमआरआय सांगितलाच तर तो दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

नाव पडलं ते जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांवरून. त्यांनी १८८५ मध्ये अशा नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं.

थांबवता येतं ना थोडा वेळ? मग मुद्दामच करतो असं नाही का?

सगळ्यात जास्त नुकसान या एका प्रश्नाने होतं. हो, बरीच मुलं टिक काही वेळ दाबू शकतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं केलं की पाच मिनिटं काहीच दिसत नाही, आणि मग निष्कर्ष निघतो: ‘बघा, ठरवलं की जमतं.’

पण त्या पाच मिनिटांत आत काय चाललंय ते पाहा. टिकच्या आधी शरीरात एक चमत्कारिक कळ उठते. मानेत ताण, घशात खवखव, डोळ्यांमागे दाब, असं मुलं सांगतात. टिक केली की क्षणभर बरं वाटतं आणि कळ पुन्हा जमू लागते. आलेली शिंक नाक दाबून धरून ठेवल्यासारखंच हे, फक्त ते दिवसातून शेकडो वेळा. आता शिंक दाबून धरलेल्या अवस्थेत अपूर्णांकांची बेरीज करून बघा. मुलगा मख्ख चेहऱ्याने फळ्याकडे पाहत असतो, वर्गात शांतता असते, बाई खूश असतात आणि त्याच्या डोक्यात गणिताचं एक अक्षरही शिरत नसतं.

म्हणून माझं शाळांना एकच सांगणं असतं: टिक बंद करणं हे तुमचं काम नाही. ती लपवायची गरज मुलाला वाटू नये, एवढं बघा. लपवण्यात जाणारी ताकद शिकण्याकडे वळली की फरक प्रगतिपुस्तकात दिसतो.

बाई म्हणतात शाळेत काहीच करत नाही. घरी मात्र संध्याकाळी थांबतच नाही. खरं कोण बोलतंय?

दोघंही. शाळेत तो दाबून धरतो, घरी आपली माणसं असतात म्हणून सोडून देतो. शिवाय दिवसभराचा थकवा असतो आणि थकव्याने टिक वाढतात. घरी आल्याबरोबर क्लासला पाठवण्याऐवजी अर्धा-पाऊण तास मोकळा द्या. शिक्षकांशी मात्र यावरून वाद घालत बसू नका. घरचा एखाद-दुसरा व्हिडिओ दाखवा. तोही मुलाला विचारूनच.

किती मुलांना असतं हे?

साधारण शंभरात एक ते तीनशेत एक, असे वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे आहेत. हजार-बाराशे पटाच्या शाळेत तीन-चार मुलं असणं अगदी शक्य आहे. मुलींपेक्षा मुलग्यांत तिपटी-चौपटीने जास्त आढळतं.

मोठेपणी जाईल का?

टिक बहुधा वयाच्या पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतात आणि दहा ते बाराच्या दरम्यान सर्वांत जोरात असतात. किशोरवय सरता सरता बहुतेकांच्या खूप कमी होतात, काहींच्या जवळपास जातात, काहींच्या राहतात. म्हणजे सर्वांत वाईट काळ पाचवी ते सातवीत येतो. महाराष्ट्रात नेमकी तेव्हाच प्राथमिकची एकच वर्गशिक्षिका जाऊन तासातासाला नवे सर-बाई येऊ लागतात. त्या वर्षांत शाळा कशी वागते, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. टिक ओसरतात, पण ‘मी वेडा आहे’ हे मनात बसलं तर ते टिकसोबत ओसरत नाही.

वर्गात टिक आली की शिक्षकांनी काय करायचं?

काही नाही. शब्दशः काही नाही. शिकवणं चालू ठेवायचं, आवाज आला तर क्षणभर थांबून वाक्य पूर्ण करायचं. ‘थांब’, ‘हळू’, ‘पाणी पिऊन ये’ हे प्रेमाने म्हटलं तरी उलटतं, कारण टिककडे लक्ष वेधलं की टिक वाढते. रोखून पाहणंही तसंच. टिक कमी झाल्या म्हणून कौतुकही करू नका. ‘आज छान शांत बसलास’ म्हटलं की उद्या तो पुन्हा दाबायला लागतो.

टिक बदलत राहतात, हेही लक्षात ठेवा. गणपतीच्या सुट्टीआधी डोळ्यांची असते, दिवाळीनंतर ती गेलेली असते आणि खांद्याची आलेली असते. अधेमधे काही आठवडे काहीच नसतं. त्या काळात ‘बरा झाला’ म्हणून सवलती काढून घेणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत.

पहिल्या बाकावर बसवलं तर लक्ष राहील ना?

पहिल्या बाकावर बसवलं तर मागच्या पन्नास जणांना त्याची मान दिसते आणि त्यालाही ते ठाऊक असतं. बहुतेकांना बाजूची रांग, मागून दुसरा-तिसरा बाक, दाराजवळ अशी जागा मानवते. पण सोबत लक्ष विचलित होण्याचा त्रास असेल तर मागे बसून तो खिडकीबाहेरच पाहील. त्यामुळे नियम करू नका, त्यालाच विचारा. हात उडण्याची टिक असेल तर शेजारी थोडी मोकळी जागा हवी, म्हणजे कंपासपेटी आणि शेजारचा दोघेही वाचतात.

तासाला बाहेर जाऊ द्यावं का? मग सगळेच मागतील.

जाऊ द्यावं. टिकचा जोर चढला की दोन-चार मिनिटं मोकळं होता येईल अशी एक जागा ठरवून ठेवा: समुपदेशकाची खोली, ग्रंथालय, जिन्याखालची पाण्याची टाकी. हात वर करून सगळ्यांदेखत परवानगी मागायला लावू नका. आमच्या ओळखीतल्या एका वर्गशिक्षिकेने छान युक्ती काढली होती. तिच्या वर्गातला मुलगा कंपासपेटी उलटी ठेवायचा, आणि बाई लगेच, ‘जरा हा हजेरीपट ऑफिसात देऊन ये रे’ म्हणायच्या. ऑफिसमधल्या मावशी तोच हजेरीपट परत हातात द्यायच्या. वर्गातल्या कुणाला पत्ताही नव्हता.

मात्र हे बाहेर जाणं त्याच्या मर्जीने असावं. ‘त्रास होतोय, जा बाहेर’ असं शिक्षक म्हणू लागले की ती शिक्षा होते.

टुरेट असलेली मुलं शिव्या देतात ना?

चित्रपट-मालिकांनी पसरवलेली ही समजूत. नको ते शब्द तोंडून जाण्याची टिक थोड्यांनाच असते, साधारण दहात एक किंवा थोडी अधिक. पण ज्याला असते, त्याच्या शाळेपुढे खरंच पेच असतो, तो नाकारून चालणार नाही. प्रार्थनेच्या शांततेत शिवी ऐकू आली तर मुख्याध्यापकांनी काय करायचं?

पहिलं म्हणजे माफी मागायला लावू नये. त्याने ती निवडलेली नसते, आणि लाजेने पुढची टिक अधिक लवकर येते. दुसरं, वर्गाला आधीच माहिती दिलेली असावी. काही मुलं शब्द अर्धा गिळायला किंवा मिळत्याजुळत्या अक्षरावर वळवायला शिकतात. पण तो त्याचा आणि त्याच्या थेरपिस्टचा मामला.

मग भांडणात दिलेली शिवी? ती टिक नाही. टिक भांडणाची वाट पाहत नाही, ती संदर्भाला सोडून येते आणि तिच्यामागे राग नसतो. कबड्डीत पाडलं म्हणून एखाद्याला शिवी दिली किंवा मारलं, तर इतरांना जो नियम तोच यालाही लावा. सगळंच टुरेटच्या नावावर खपवलं तर वर्गातली मुलंच त्याच्यावर उलटतात, आणि त्यांचं चूक नसतं. तरीही ठरवता येत नसेल तर संशयाचा फायदा मुलाला द्या.

टुरेटमुळे बुद्धी कमी असते का? मग अभ्यासात मागे का?

बुद्धीचा संबंध नाही. मागे पडण्याची कारणं बहुधा टिकच्या आजूबाजूला असतात. टुरेट एकटं क्वचितच येतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या पाहणीत, निदान झालेल्या मुलांपैकी ८६ टक्क्यांना सोबत आणखी काहीतरी होतं: अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, म्हणजे एडीएचडी, मनात अडकून बसणारे विचार आणि पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या कृती, म्हणजे ओसीडी, चिंता, अध्ययन अक्षमता. सगळ्यांना दिसते ती टिक आणि वर्ष वाया घालवतं ते दुसरंच काहीतरी, असं वारंवार होतं.

पाचवीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर आली होती. निबंधाच्या पानाला मध्यावर भोक. ‘क’चा कान नीट आला नाही म्हणून तो खोडत होता, पुन्हा लिहीत होता, पुन्हा खोडत होता. शेरा होता: ‘अस्वच्छ लेखन. पुन्हा लिहून आणणे.’ त्याच्या टिकबद्दल शाळेला माहीत होतं, पण हे ओसीडी असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला आम्ही खोडरबरच बंद केलं. चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे. बाईंनी वर्गातल्या सगळ्यांनाच तो नियम लावला म्हणून त्याला वेगळं वाटलं नाही. पुढचे उपचार अर्थात डॉक्टरांकडे झाले.

हस्ताक्षराचं दुखणं फार मोठं आहे. मानेची किंवा डोळ्यांची टिक असेल तर फळ्यावरून उतरवताना ओळ हरवते. मनगटाची असेल तर पेन उडतं. अशा वेळी फळ्याचा फोटो काढू द्यावा किंवा छापील टिपणं द्यावीत. दहा उदाहरणांऐवजी चार सोडवली तरी पद्धत आली का ते कळतं. तोंडी उत्तर चालत असेल तर तोंडी घ्या. वाचनात ओळीखाली पट्टी धरू द्या. पाचवीत या गोष्टींना ‘लाड’ म्हणणारे शिक्षक नववीत याच मुलांची उत्तरं ऐकून चकित होतात.

वर्गातल्या मुलांना सांगावं का?

मुलाची आणि पालकांची संमती असेल तर नक्की सांगावं. वर्गाला काहीच माहीत नसतं तेव्हा मुलं आपापले अर्थ लावतात: अंगात येतं, नशा करतो, संसर्ग होतो. यातलं काहीच खरं नसतं. खरं कळल्यावर नव्याचे नऊ दिवस संपतात. कुणी सांगायचं, तो स्वतः वर्गात असेल की त्या तासाला घरी, कुठला शब्द वापरायचा, हे सगळं त्यानेच ठरवावं.

एका सहावीच्या वर्गात मी आधी भाषण केलंच नाही. फळ्यावर पाच ओळींचा उतारा लिहिला. तो वहीत उतरवायचा. पण मी टाळी वाजवली की सगळ्यांनी दोनदा डोळे गच्च मिटायचे, मान डावीकडे झटकायची आणि पुन्हा लिहायला लागायचं. टाळ्या अधूनमधून, कधी लागोपाठ. आधी खसखस पिकली. मग हळूहळू हसू थांबलं, कारण ओळी चुकायला लागल्या. एकाने तीच ओळ दोनदा लिहिली, एकीचा ‘बाई, थांबा ना’ असा रडवेला सूर. मागून प्रश्न आला, ‘हे दिवसभर?’ उत्तर मी द्यायच्या आत तिसऱ्या बाकावरून तो स्वतःच म्हणाला, ‘झोपलो की सुट्टी.’ वर्ग हसला, आणि या वेळी तोही त्यांच्यात होता.

अमेरिकेतले शिक्षक ब्रॅड कोहेन यांनी आपल्या लहानपणाबद्दल सांगितलेली हकीकत अशीच आहे. मुख्याध्यापकांनी त्यांना भरल्या सभेत मंचावर बोलावून टुरेटबद्दल बोलतं केलं, आणि काही मिनिटांत सगळ्या शाळेची नजर बदलली. पुढे शिक्षकाच्या नोकरीसाठी चोवीस शाळांनी त्यांना नाकारलं, पंचविसावीने घेतलं.

चिडवणं थांबवायचं कसं?

जिथे शिक्षक नसतात तिथे बघा: व्हॅन, स्वच्छतागृह, मधल्या सुट्टीतलं मैदान, मुलांचे व्हॉट्सॲप गट. नक्कल करणाऱ्याला एकट्याला बोलावून समज द्या. पीडित मुलाला समोर उभं करून ‘सॉरी म्हण’ लावू नका. व्हॅनवाल्या काकांनाही सांगायला हवं. आणि स्टाफरूममध्ये कुणी नक्कल करत असेल तर आधी तिथून सुरुवात करावी लागेल.

परीक्षेत काय सवलती मिळतात? कायदा काय म्हणतो?

परीक्षेचं दालन हा टुरेट असलेल्या मुलासाठी सर्वांत अवघड भाग. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्याच्या घशात खवखव. सगळा वेळ आवाज दाबण्यात जातो. त्याला हवी असते वेगळी खोली, जिथे तो बिनधास्त टिक करू शकेल. थोडा जादा वेळ. मध्ये उठून पाय मोकळे करायची मुभा. गरज असेल तर लेखनिक. घटक चाचणी आणि सहामाहीला हे देणं पूर्णपणे शाळेच्या हातात आहे, त्यासाठी कुणाच्या शिक्क्याची वाट पाहायची गरज नाही.

बोर्डाच्या परीक्षेला कागद लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात टुरेटचं नाव नाही. ‘दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार’ हा गट आहे, पण त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांचा नावाने उल्लेख आहे. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिचं प्रमाणपत्र काढणं हा रुळलेला मार्ग.

पण प्रमाणपत्र नाही म्हणजे हक्कच नाही, असं समजू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता. किमान ४० टक्के अपंगत्वाची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही आणि वाजवी सोय ही त्या त्या व्यक्तीच्या अडचणीनुसार द्यायची असते, असं न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालील, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ त्यात होता. हाताच्या किंवा मानेच्या टिकमुळे लिहिणं अडत असेल तर डॉक्टरांकडून नेमकं तेच लिहून घ्या. ‘टुरेट आहे’ एवढं पुरत नाही.

दहावीसाठी ही धावपळ नववीतच सुरू करा. फॉर्म भरायच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

आणि एक: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला बंदी आहे. टिकसाठी बाकावर उभं करणं त्यात येतं.

उपचारात शाळेचा सहभाग काय?

टिकसाठी एक वर्तनोपचार आहे, सीबीआयटी नावाचा. कळ उठली की ती ओळखायची आणि टिकशी जमणार नाही अशी दुसरी, कमी लक्षात येणारी हालचाल करायची, हा त्याचा गाभा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १२६ मुलं होती. या उपचाराने निम्म्याहून जास्त मुलांना चांगला फरक पडला, तर नुसत्या माहिती-आधाराच्या गटात हे प्रमाण १८.५ टक्के होतं. शाळेने वर्गात ‘तुझा व्यायाम कर’ अशी आठवण करून द्यायची नसते. एवढं पथ्य पाळा.

औषधं सुरू असतील तर शाळेने डोळे उघडे ठेवावेत. क्लोनिडीनने झोप येते, रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढू शकतं. तिसऱ्या तासाला पेंगणारं मूल पालकांना दिसत नाही, वर्गशिक्षकांना दिसतं. तसं कळवा, म्हणजे डॉक्टर वेळ किंवा मात्रा बदलतील.

गॅदरिंग, खेळ, परिपाठ यात घ्यावं का?

अवश्य. मन रमलं की अनेकांच्या टिक कमी होतात. तबला वाजवताना, गोल अडवताना तर काहींच्या दिसतही नाहीत. अमेरिकेचा गोलरक्षक टिम हॉवर्ड टुरेट घेऊनच २०१४च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध विक्रमी बचाव करून गेला. परिपाठात सुविचार सांगायचा की नाही, हे मात्र त्याच दिवशी सकाळी त्याला ठरवू द्या.

आठवीतल्या मुलीला आठवड्याभरात अचानक मोठमोठ्या टिक सुरू झाल्या. हे टुरेटच का?

कदाचित नाही. टुरेट लहानपणी आणि डोळे-चेहऱ्यापासून हळूहळू सुरू होतं. किशोरवयात, विशेषतः मुलींमध्ये, एकाएकी उसळणाऱ्या टिकसदृश हालचाली वेगळ्या असू शकतात. कोरोनाच्या काळात अनेक देशांत त्या वाढल्या. त्याही ढोंग नसतात, पण उपचार वेगळे. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आम्ही अमेरिकेत आहोत. तिथे वेगळं काय?

तिथल्या विशेष शिक्षण कायद्याच्या २००६च्या नियमांत टुरेटचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. शाळेकडे लेखी मूल्यमापन मागा. त्यातून आयईपी (मुलासाठी आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) किंवा ५०४ योजना (नेहमीच्या वर्गात द्यायच्या सोयींची योजना) ठरते. तोंडी मागणीवर थांबू नका.

शाळा म्हणते, ‘विशेष शाळेत घाला.’

फक्त टुरेटसाठी? नाही. लेखी मागा. बहुतेकदा कागद येतच नाही.

जूनमध्ये वर्ग बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. काय करावं?

एप्रिलमध्ये शाळा सुटायच्या आधी जुन्या आणि नव्या वर्गशिक्षकांना एकत्र बसवा. एका पानाचं टिपण करा: सध्याच्या टिक कोणत्या, काय केलं की वाढतं, बसायची जागा, बाहेर जायची खूण, परीक्षेची सोय, फोन कुणाला करायचा. पान मुलाला वाचून दाखवा आणि त्याला खोडायचं ते खोडू द्या. प्रत चित्रकलेच्या सरांना, पीटीच्या सरांना, ग्रंथपालांना आणि ऑफिसातही जायला हवी. बदली तासाला येणाऱ्या शिक्षकांसाठी एक प्रत हजेरीपटाच्या आतल्या खिशात ठेवा. ‘बाहेर उभा राहा’ हे बहुधा त्याच तासाला ऐकावं लागतं.